ऑगस्टच्या फायलीतले पत्र

मी, कुमारी थर्झा गेलॉर्ड, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार मिल स्ट्रीट, ईस्ट टॅमसेट, न्यू हॅम्पशर, गावच्या इतिहास मंडळातल्या पत्रसंग्रहाची गेली अठ्ठेचाळीस वर्षे राखणदार, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि कोणाच्या धाकानेही नव्हे, तर स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र करून ठेवते. १९४७ साली केलेले आधीचे मृत्युपत्र मी काल सकाळी चुलीत घातले. ते रद्द समजावे. माझे हृदय फार दिवस साथ देणार नाही असे डॉक्टर म्हणतात. डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. पुढे वाचताना ज्यांना ती करावीशी वाटेल त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावे आणि मग वकिलाकडे धावावे.

मृत्युपत्र हाताने लिहिण्याची आमच्या घरची रीत आहे. मी ते टाईप केले आहे. त्याचे कारण सहाव्या कलमात येईल.

कलम १. राहते घर, मागचे सफरचंदांचे आवार आणि ओढ्यापर्यंतची जमीन माझी पुतणी लोइस हिला द्यावी. लोइसला हे घर आवडते, कारण ती इथे फक्त उन्हाळ्यात येते. तिला एवढेच सांगणे आहे की हे घर माझ्या आईच्या पणजोबांनी, आसा ट्रीट यांनी, १७९६ साली बांधले. ज्या जमिनीवर बांधले ती त्याआधी केझाया डनिंग नावाच्या विधवेची होती. या बाईची हकीकत पुढे आहे. लोइसने ती वाचून मग घर घ्यायचे की नाही ते ठरवावे. नको असेल तर ते गावाला द्यावे, आणि गावाने त्याला केझायाचे नाव द्यावे.

कलम २. बँकेत जे काही निघेल त्यातून माझे दफन साधेपणाने करावे. ऑर्गन वाजवू नये. उरेल ते छप्पर गळणाऱ्या वाचनालयाला.

कलम ३. माझी हत्यारे: दोन भिंगे, कागदाची घडी मोडण्याची हाडाची पट्टी, मऊ कुंचले आणि हा टाईपरायटर. ही सर्व माझ्या जागी जो येईल त्याला. पत्रांच्या खोलीत शाई आणायची नाही हा माझा नियम त्यानेही पाळावा. तिथे फक्त पेन्सिल. मी खिडकीजवळच्या खणात एक्केचाळीस पेने ठेवली आहेत. ती नियम मोडणाऱ्यांकडून मी काढून घेतली आणि काही जण रागावून ती मागायलाही आले नाहीत. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी आहे. ज्याचे त्याला परत करावे. दोन बिशप आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करावी.

कलम ४. हार्डवेअरच्या दुकानाचे मालक श्री. आयव्हर्स यांनी १९५२च्या वसंतात माझी शिडी दोन दिवसांसाठी नेली. ती शिडी मी त्यांना या मृत्युपत्राने देत आहे, म्हणजे माझ्यामागे त्यांना कोणी चोर म्हणायला नको.

कलम ५. न्यायाधीश अबायथर विक्स्टेड यांची पत्रे माझी नाहीत, तेव्हा ती देण्याचा अधिकार मला नाही. तरीही त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे मृत्युपत्र पुरे होणार नाही, कारण माझे आयुष्य त्यांच्यातच गेले.

न्यायाधीश या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात एकवीस वर्षे बसले. राज्यघटना मान्य करावी की नाही याच्या सभेत ते होते. नंतर एकदा काँग्रेसवर निवडून गेले आणि तिथल्या जेवणाला कंटाळून परत आले. त्यांना आलेली आणि त्यांनी नकलून ठेवलेली मिळून दोन हजार तीनशे सव्वीस पत्रे आमच्याकडे एकोणीस पेट्यांत आहेत. त्या काळी पाकिटे नव्हती. कागदच तीन घड्या घालून बंद करायचा आणि वरून लाखेची टिकली चिकटवायची. पत्र आले की न्यायाधीश ते वाचत, पुन्हा तसेच घडी करत आणि पाठीवर अरुंद जागेत शेरा मारत: कोणाचे, कधी पोचले, उत्तर कधी दिले. एकाही पत्राची पाठ त्यांनी कोरी सोडली नाही. बायको वारल्याचे पत्र फिलाडेल्फियात त्यांच्या हाती पडले, त्यावरही शेरा आहे. पोचले चार तारखेला, उत्तर दिले चार तारखेला.

मी सव्विसाव्या वर्षी तिथे कामाला लागले. तेव्हा ती पत्रे पिठाच्या पोत्यांत भरलेली होती. ती उलगडून, साफ करून, तारखेप्रमाणे फायलींत लावायला मला अकरा वर्षे लागली. मला लग्नाची दोन स्थळे येऊन गेली त्यातच. एकाला मी बेंजामिनऐवजी अबायथर म्हणून हाक मारली आणि तो पुन्हा आला नाही.

कलम ६. आता ज्याच्यासाठी हे टाईप केले ते.

पत्रे लावताना जिथे अडे तिथे मी पेन्सिलीने चिठ्ठी लिहून फायलीत ठेवत असे. "हा 'एच.' कोण?" किंवा "पहिले पान कुठे गेले?" हे माझ्यासाठीच असे. १९१४च्या मार्चमध्ये मी 'एच.'ची फाईल पुन्हा काढली, तर माझी चिठ्ठी तीन घड्या घालून ठेवलेली होती. पाठीवर तपकिरी शाईत शेरा होता: थ. गेलॉर्ड. पोचले ३ मार्च. उत्तर दिले ५ मार्च.

अक्षर न्यायाधीशांचे होते. त्यांचा 'ग' मी हजार वेळा पाहिला होता.

मंडळाचे चिटणीस तेव्हा हॉरेस टिलटसन होते. थट्टेखोर माणूस. मी चिठ्ठी घेऊन तडक त्यांच्या टेबलाशी गेले.

"हॉरेस, हे तुमचं काम."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "मला असं अक्षर काढता आलं असतं, थर्झा, तर मी इथे झुरळं मारत बसलो असतो का? खोट्या सह्या करून बोस्टनला बंगला बांधला असता."

"मग कोणी लिहिलं?"

"ज्याला पत्र गेलं त्याने. उत्तर दिलं म्हणतोय ना? मग काय म्हणाला म्हातारा?"

पण उत्तर कुठेच नव्हते. मी एकोणीसच्या एकोणीस पेट्या शोधल्या.

त्यानंतर हे होत राहिले. हॉरेस १९३८ साली वारले, तरी होत राहिले. दर चिठ्ठीवर नाही. जिच्यात मी खरोखर काही विचारले असेल तिच्यावरच. माणूस कशालाही सरावतो, आणि मी तर एकटी राहणारी बाई. कोणीतरी आपले वाचते आहे याची मला कधी भीती वाटली, कधी बरे वाटले. बरे वाटे त्या दिवसांची मला जास्त लाज वाटते.

हे मीच करत असेन असे वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटले. म्हणून एकदा मी खोलीला आतून कडी लावली, नवी चिठ्ठी टेबलावर उघडी ठेवली आणि सकाळी नऊपासून तिच्यासमोर बसले. दुपारी थर्मासमधला चहा ओतायला मान वळवली. कप भरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. वळून पाहते तो चिठ्ठीच्या तीन घड्या झालेल्या होत्या. पाठीवर शेरा होता, आणि माझ्या हातांना शाई लागलेली नव्हती. हे एका बाजूचे झाले. दुसऱ्या बाजूचेही लिहिते, कारण मृत्युपत्रात लबाडी नको. एका ऑक्टोबरात माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर तपकिरी डाग पडला होता आणि आठवडाभर गेला नाही. आदल्या दिवशी मी अक्रोडाची हिरवी साले सोलली होती. पण जुन्या काळी त्याच सालांची शाई करत.

दहाएक वर्षांपूर्वी बँकेतल्या नव्या कारकुनाने माझा कागद परत केला.

"मिस गेलॉर्ड, ही सही तुमची नाही."

"तुमच्यासमोर केली ना आत्ता?"

"तेच तर! केली तुमच्या हाताने. पण जुनी सही पाहा ना. ही अशी... म्हणजे, कोणा पुरुषाची वाटते."

त्याने दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. त्याचे बरोबर होते. इतकी वर्षे एकच अक्षर वाचून आणि नकलून माझे अक्षर गेले होते आणि त्या जागी ते आले होते. 'गेलॉर्ड'मधला 'ग' न्यायाधीशांचा होता. तेव्हापासून मी सगळे टाईप करते. आणि म्हणूनच साक्षीदारांना विनंती आहे की मी सही करताना त्यांनी खिडकीबाहेर न पाहता माझ्या हाताकडे पाहावे.

कलम ७. केझाया डनिंग.

१७९३च्या जूनमध्ये केझायाच्या कोठाराला आग लागली. आत तिचा दीर होता, तो जळून मेला. आदल्या दिवशी जमिनीवरून दोघांचे भांडण साऱ्या गावाने ऐकले होते. खटला न्यायाधीश विक्स्टेडांसमोर चालला. बारा सप्टेंबरला तिला फाशी दिले. त्या दिवशी तिने स्वतः विणलेले हातमोजे घातले होते एवढीच तिची एक नोंद सापडते.

पेटी अकरामध्ये आसा ट्रीट यांचे न्यायाधीशांना आलेले पत्र आहे. त्यात चार ओळी आहेत. "केझाया डनिंगने आग लावली नाही. मी पलीकडच्या शेतात होतो आणि कोठारावर वीज पडताना मी पाहिली. हे मी याआधी सांगायला हवे होते. देव मला क्षमा करो." पाठीवर शेरा आहे: आ. ट्रीट. पोचले. पुढे तारीख नाही. 'उत्तर' लिहिले आहे आणि पुढे काहीच नाही. न्यायाधीशांनी तारीख न घातलेले दोन हजार तीनशे सव्वीसांतले हे एकच पत्र.

आसांनी पत्रावर तारीख घातली ती अशी: २, मग आठाचा आकडा, आणि आठाला चिकटून एक गिचमिड फराटा. माझी आजी, वडिलांची आई, क्वेकर पंथाची होती. त्या लोकांत महिन्यांची नावे उच्चारत नाहीत, कारण ती परक्या देवांची नावे. आकडा सांगतात. "तुझा जन्म दुसऱ्या महिन्यातला" असे ती म्हणे. आठवा महिना म्हणजे ऑगस्ट हे माझ्या कानात बालपणापासून बसलेले. मी फराट्याला फराटाच समजले, दोन ऑगस्ट असे वाचले आणि पत्र ऑगस्टच्या फायलीत लावले.

त्याचा अर्थ असा झाला की फाशीच्या सहा आठवडे आधी न्यायाधीशांच्या हातात तिच्या निर्दोषपणाची साक्ष होती, आणि त्यांनी ती घडी करून ठेवून दिली. १९२४ साली मी पत्रांचे पुस्तक छापले, त्यात तसेच लिहिले. पुढच्याच मार्चमध्ये गावसभा भरली. विक्स्टेड शाळेवरचे नाव काढावे असा ठराव झाला. चर्चसमोर दगड उभारायचे ठरले. त्यावर कोरले आहे: आसा ट्रीट, ज्याने वेळेवर खरे सांगितले. दगड बसवला तेव्हा माझी आई नवी टोपी घालून शेजारी उभी होती. तिला इतके खूश मी कधी पाहिले नव्हते.

आसा ट्रीट क्वेकर नव्हते. ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

१९२६च्या उन्हाळ्यात त्यांचे दुसरे एक पत्र सापडले, जमिनीच्या कामाचे. त्यावर तारीख होती १०बर. खाली लिहिले होते की खिडक्यांपर्यंत बर्फ साचले आहे. दहावा महिना म्हणजे ऑक्टोबर, आणि ऑक्टोबरात इथे खिडक्यांपर्यंत बर्फ नसते. मी खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही. मला कळले. जुन्या लॅटिन मोजणीप्रमाणे सप्टेंबर हा सातवा, ऑक्टोबर आठवा, डिसेंबर दहावा. जुने लोक हात वाचवायला आकडा काढून पुढे फक्त 'बर' जोडत. ७बर, ८बर, ९बर, १०बर. तो फराटा 'बर' होता. आसांचे पत्र दोन ऑक्टोबरचे होते. केझायाला पुरून तेव्हा वीस दिवस झाले होते.

म्हणजे न्यायाधीशांनी काहीच दडवले नव्हते. दडवले होते आसांनी. त्यांना ती जमीन हवी होती, आणि ती त्यांनी पुढच्याच वर्षी घेतली. माझे स्वयंपाकघर त्या कोठाराच्या जागेवर आहे.

कलम ८. ऑर्फा विक्स्टेड.

ऑर्फा ही न्यायाधीशांच्या वंशातली शेवटची. ती रस्त्यापलीकडे, माझ्या समोरच राहते. आम्ही एका बाकावर शिकलो. तिने शाळेत शिकवायला सुरुवात केली तेव्हा दारावर तिच्या पणजोबांचे नाव होते. पुस्तकानंतर मुले तिच्या फळ्यावर फास काढून ठेवू लागली. पालक मुलांना काढून नेऊ लागले. तिने वर्षभर सोसले आणि राजीनामा दिला. त्या दिवशी ती माझ्या दाराशी आली होती.

"थर्झा, तू नीट पाहिलंस ना गं? पुन्हा एकदा पाहशील?"

"मी नीट पाहते, ऑर्फा. माझं कामच ते आहे."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. यंदा छत्तीस वर्षे होतील. माझे उत्तर त्या दिवशी खोटे नव्हते. पुढच्या वर्षी ते खोटे झाले आणि मी ते तसेच राहू दिले. आधी म्हटले, आई आहे तोवर नको. आई १९३३ साली गेली. मग म्हटले, मंडळाची शंभरी होऊ दे. मग युद्ध आले. मग आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो आणि आता काय उपयोग असे वाटू लागले. आसांनाही तसेच वाटले असेल.

१९२६ साली दोन ऑक्टोबरला मी फायलीत चिठ्ठी ठेवली. "८बर म्हणजे ऑक्टोबर. चूक माझी आहे. सुधारीन." दुसऱ्या दिवशी तिच्या घड्या झालेल्या होत्या: पोचले. उत्तर दिले. तेव्हापासून दरवर्षी त्याच तारखेला मी एक चिठ्ठी ठेवते. "या वर्षी जमले नाही." दरवर्षी तिच्यावर शेरा येतो. उत्तर दिले. उत्तर दिले. पस्तीस वर्षे कोणीतरी उत्तर देते आहे आणि मला एकही मिळालेले नाही. कोणाला दिले हे मला कळत नाही, आणि मेल्यावर कळेल या विचाराने मला घाम फुटतो.

ऑर्फाला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. तिने माझी वस्तू घरात घेतली नसती.

कलम ९. माझ्या मृत्यूनंतर वकील श्री. सेव्हरन्स यांनी कलम सात आणि आठ गावसभेत मोठ्याने वाचावे. आसांचे पत्र ऑक्टोबरच्या फायलीत हलवावे. दगड काढावा. शाळेचे नाव परत द्यावे. पुस्तकाच्या उरलेल्या प्रतींत चूकदुरुस्तीचा कागद चिकटवावा. हे सर्व मी गेल्यावर करावे, आधी नाही. मला ऑर्फाचा चेहरा पाहायचा नाही.

कलम १०. हे कलम त्याच दिवशी दुपारी अडीच वाजता जोडत आहे. तिन्ही साक्षीदार समोर बसले आहेत.

आमच्या राज्यात तीन साक्षीदार लागतात. श्री. सेव्हरन्स दीड वाजता आपल्या टंकलेखिका मिसेस कूम्ब्स यांना घेऊन आले. तिसरे श्री. आयव्हर्स. ते आले, बसले, डोनट खाल्ला. वकिलांनी कागद चाळले आणि म्हणाले, "यांची साक्ष चालणार नाही. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं तो साक्षीदार होऊ शकत नाही. यांना शिडी मिळते आहे."

"शिडी माझीच आहे ना?" श्री. आयव्हर्स म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिले. ते टोपी घेऊन निघून गेले.

श्री. सेव्हरन्स काँकर्डहून दोन वर्षांपूर्वी आलेले. गावातले कोण कोणाशी बोलत नाही हे त्यांना ठाऊक नाही. "काळजी नको, मिस गेलॉर्ड, समोरच्या घरी कोणीतरी दिसतंय. मी बोलावून आणतो," म्हणाले, आणि मी तोंड उघडायच्या आत रस्त्यापलीकडे गेले. पाच मिनिटांनी ऑर्फा माझ्या बैठकीच्या खोलीत उभी होती. केस सगळे पांढरे. कोटाची बटणे गळ्यापर्यंत लावलेली.

वकिलांनी पाने उलटी करून शेवटच्या पानावर सहीची जागा दाखवली. "साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते. बाई शुद्धीत आहेत आणि त्यांनी तुमच्यासमोर सही केली, एवढंच."

"न वाचता सही करायला मी कोणाला शिकवलं नाही," ऑर्फा म्हणाली. माझ्याकडे न पाहता.

"पण तो त्यांचा खासगी..."

पाने माझ्या हाताखाली होती. हात तसाच ठेवला असता तर चालले असते. कायदा माझ्या बाजूने होता. माझ्या मनात आले की हे मृत्युपत्रही आसांच्याच पत्रासारखे आहे, ज्याला हवे त्याच्या उपयोगाची वेळ गेल्यावर पोचणारे. मी पाने सुलटी केली आणि तिच्यापुढे सरकवली.

"वाच, ऑर्फा."

तिने खिडकीशी उभे राहून वाचले. आठवे कलम तिने दोनदा वाचले. मग पाने टेबलावर ठेवून ती दाराबाहेर गेली. वकील म्हणाले, गेल्या वाटतं. ती बिस्किटांचा डबा घेऊन परत आली. डब्यात पत्रे होती. प्रत्येकाच्या तीन घड्या, लाल टिकली, आणि वर तपकिरी शाईत तिचे नाव. अक्षर कोणाचे हे मला विचारावे लागले नाही.

"दर दोन ऑक्टोबरला दाराखालून येतं," ती म्हणाली. "पहिलं आलं सव्वीस साली. मला वाटलं तूच टाकतेस, जखमेवर मीठ चोळायला. एका वर्षी मी दारातच खुर्ची टाकून बसले. तू समोर तुझ्या व्हरांड्यात शेंगा सोलत होतीस. तुझे दोन्ही हात मला दिसत होते. उठले तर पत्र माझ्या पायाखाली."

मिसेस कूम्ब्सनी एक उघडले. मग दुसरे, मग तिसरे. सगळ्यांत एकच ओळ होती. *तिने अजून सांगितलेले नाही.*

"काय सांगायचं होतं ते मला कधी कळलं नाही," ऑर्फा म्हणाली. "पण तुझ्या पोटात काहीतरी आहे एवढं दरवर्षी कळत होतं. मी वाट पाहिली. रोज खिडकीतून तुझ्या दाराकडे पाहत. एवढा रुंद आहे का गं हा रस्ता?"

मी रडले हे इथे लिहून ठेवते.

डब्यात वर एक पत्र न उघडलेले होते. आज सकाळी सातला आलेले, तिने सांगितले. सकाळी सातला मी नववे कलम टाईप करत होते, आणि मी मेल्याशिवाय तिला काही कळू नये असे त्यात लिहीत होते. मिसेस कूम्ब्सनी टिकली तोडली. वकिलांनी वाचले.

*तिने सांगितले.*

मग श्री. सेव्हरन्स यांनी टेबलावरच्या बँकेच्या कागदावरची माझी नवी सही आणि ते पत्र शेजारी ठेवले. त्यांचा चेहरा उतरला. "मिस गेलॉर्ड, हा 'ग'... हे जर कोर्टापुढे गेलं तर तुम्ही शुद्धीत होता हे मी कसं सिद्ध करू? आणि तेच सिद्ध झालं नाही तर यातलं काहीच उभं राहणार नाही. ऑगस्ट नाही, ऑक्टोबर नाही, न्यायाधीशांचं नाव नाही. हे पत्रांचं कलम काढून टाका, माझं ऐका."

"काढायचं नाही," मी म्हणाले. "एकदा काही न सांगता ठेवलं, तेवढं पुरे."

त्यांनी ऑर्फाकडे पाहिले. "आणि तुम्ही? या शुद्धीत आहेत असं तुम्ही शपथेवर लिहून द्याल?"

ऑर्फाने त्यांचे पेन मागून घेतले. "मी तुला माफ केलं असं समजू नकोस, थर्झा," ती म्हणाली.

"नाही समजत."

"मग सही कर. मी तुझ्या हाताकडे पाहते आहे."

येणेप्रमाणे दहा कलमांचे हे मृत्युपत्र मी पूर्ण करते. कलम नऊमधील 'मी गेल्यावर करावे, आधी नाही' हे शब्द मी खोडले आहेत आणि खोडलेल्या जागी आद्याक्षरे घातली आहेत. आसांचे पत्र मी उद्या सकाळी स्वतः हलवीन. ऑर्फा सोबत येते म्हणाली आहे.

(सही) थर्झा गेलॉर्ड

ईस्ट टॅमसेट, न्यू हॅम्पशर. सोमवार, दोन ऑक्टोबर, एकोणीसशे एकसष्ट.

साक्षीदार:

१. एडमंड सेव्हरन्स, वकील. सही माझ्यासमोर झाली. अक्षराबद्दल मी काही म्हणत नाही.

२. नेटी कूम्ब्स. सही माझ्यासमोर झाली.

३. मी, ऑर्फा विक्स्टेड, निवृत्त शिक्षिका, शपथेवर लिहून देते की सही करताना थर्झा गेलॉर्ड पूर्ण शुद्धीत होती. मी तिला अडुसष्ट वर्षे ओळखते. तिचे डोके कायम ठिकाणावर होते. नसते, तर इतकी वर्षे गप्प बसणे तिला जमले नसते.